नेटवर्क प्रिंटर दर सोमवारी 'ऑफलाइन' का होतो?

फोर्टवाली | मंगळवार, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी,

फोर्टात एका सीएच्या ऑफिसात मी अकाउंट्स बघते आणि नाइलाजाने बाकीचंही सगळं. सात कॉम्प्युटर आहेत, आर्टिकलशिपच्या पोरांचे लॅपटॉप वेगळे. प्रिंटर मात्र एकच, लेझर, त्यातच स्कॅनर आणि कॉपियर. ऑफिसच्या वायफायवर जोडलेला आहे. बिल्डिंग जुनी, हातभर जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडी पोटमाळा, तिथे पोरं बसतात.

उपद्रव असा की सोमवारी सकाळी प्रिंट दिली की 'ऑफलाइन'. प्रिंटर समोर हिरवा दिवा लावून बसलेला असतो, झेरॉक्स व्यवस्थित काढतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही. गंमत म्हणजे पोटमाळ्यावरच्या दोन लॅपटॉपवरून तेव्हाही प्रिंट येते! मग कॉम्प्युटरवाला येतो, प्रिंटर डिलीट करतो, परत टाकतो, पाचशे रुपये घेतो, जातो. आठवडा बरा जातो. पुढच्या सोमवारी ये रे माझ्या मागल्या.

कॉम्प्युटरवाल्याचं म्हणणं, "मॅडम, प्रिंटर जुना झाला, नवा घ्या." साहेब म्हणतात, नवा येणार नाही. रिटर्नांचा सीझन तोंडावर आलाय आणि सोमवारी सकाळी सगळे माझ्याकडे बघतात.

तर प्रश्न असा: ऑफिसात प्रिंटर नेटवर्कवर टाकायची बरोबर पद्धत कोणती? केबल, वायफाय, की एका मशीनला यूएसबीने जोडून तिथून शेअर?


कांदेपोहे | मंगळवार, ११:२४

+१. आमच्याकडे सोमवार नाही, पण बँकेचा माणूस सहीला येऊन बसला की हमखास.


मालवणी_मसालो | मंगळवार, ११:३१

सोमवारी सकाळी प्रिंटराक नारळ देवा नि गाऱ्हाणा घाला. बा म्हाराजा, ह्या ऑफिसातल्या लेकरांची रिटर्ना येळेवर जाऊ देत, पेपर अडकाचो नाय, टोनर सराचो नाय...


कांदेपोहे | मंगळवार, ११:३३

होय म्हाराजा!


लॅमिंग्टनवाला | मंगळवार, दुपारी १२:०५

प्रिंटर जुना झाला म्हणून सोमवारी बंद आणि मंगळवारी चालू, असं होत नाही. थोडी माहिती द्या:

त्या दोन लॅपटॉपवर 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडून 'पोर्ट्स' टॅबवर काय लिहिलंय? आणि बाकीच्या मशीनवर काय? प्रिंटरच्या मेनूतून कॉन्फिगरेशन पेज छापता येतं, त्यावरचा आयपी अ‍ॅड्रेस सांगा. राउटर तुमचा स्वतःचा की ब्रॉडबँडवाल्याने दिलेला?


जुनी_पेन्शन | मंगळवार, १२:४०

मी सरकारी खात्यातून निवृत्त. आमच्याकडे डॉट मॅट्रिक्स होता. पॅरलल पोर्टची बोटाएवढी जाड केबल, दोन्ही बाजूंना क्लिपा. पत्ता नाही, पासवर्ड नाही. पगारपत्रकं छापायला घेतली की मजलाभर कर्कर ऐकू जायची आणि कर्कर थांबली की कळायचं, कागद संपला. कार्बन घालून तीन प्रती एका फटक्यात. तुमचा लेझर काढतो का?


टोनर_संपला | मंगळवार, १२:५२

काका, डॉट मॅट्रिक्स अजून मेलेला नाही. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये जा, ट्रान्सपोर्टवाल्यांकडे बिल्टी त्याच्यावरच निघते. कार्बन कॉपीला ठोका लागतो, लेझर कागदाला ठोकत नाही, त्याला कोण काय करणार.


फोर्टवाली | मंगळवार, २:१५

@लॅमिंग्टनवाला, बघून आले. ज्या दोन लॅपटॉपवरून सोमवारीही प्रिंट येते त्यांच्या पोर्टवर 'डब्ल्यूएसडी' आणि पुढे आकडे-अक्षरांचं लांबलचक शेपूट. बाकी सगळ्यांवर १९२.१६८.१.७.

कॉन्फिगरेशन पेज काढलं. त्यावर आज १९२.१६८.१.७ आहे, कारण काल कॉम्प्युटरवाला येऊन गेला. पण फाइलला मागच्या महिन्यातलं एक पेज लावलेलं सापडलं, त्यावर शेवटी ४ आहे.

राउटर ब्रॉडबँडवाल्याचा.


लॅमिंग्टनवाला | मंगळवार, २:५०

सापडलं. प्रिंटर ठणठणीत आहे, पत्ता बदलतोय.

राउटर नेटवर्कवरच्या प्रत्येक वस्तूला आयपी पत्ता वाटतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीपुरता मिळतो. लोकलमधल्या विंडो सीटसारखं आहे: आधी चढला त्याची, उतरून परत चढलात तर तीच मिळेल याची हमी नाही. तुमच्या कॉम्प्युटरवाल्याने प्रत्येक मशीनला सांगून ठेवलंय की प्रिंटर ७ नंबरवर बसतो. सोमवारी प्रिंटर ४ वर किंवा ११ वर असतो आणि ७ वर भलतंच कोणीतरी. तुमच्या साहेबांचा मोबाइलही असेल. मशीन इमानदारीत साहेबांच्या मोबाइलला बॅलन्स शीट पाठवतंय, मोबाइल घेत नाही, म्हणून 'ऑफलाइन'.

ते दोन लॅपटॉप पोरांनी स्वतः जोडले असणार. विंडोजने आपोआप प्रिंटर शोधला की बहुतेक वेळा डब्ल्यूएसडी पोर्ट बनतो. तो ठरलेल्या पत्त्यावर न जाता नेटवर्कवर हाळी देऊन प्रिंटर शोधतो, म्हणून पत्ता बदलला तरी चालतं. पण त्याच्यावर विसंबू नका. प्रिंटर झोपला किंवा राउटरने हाळी पुढे सोडली नाही, की तोही ऑफलाइन दाखवतो.

आता उपाय. राउटरच्या पानावर जा. तुमचा पत्ता १९२.१६८.१ पासून सुरू होतोय, म्हणजे ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१ टाकून उघडेल. लॉगिन राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतं. तिथे 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' असा मेनू शोधा. त्यात प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राचा कायमचा ओळख क्रमांक, कॉन्फिगरेशन पेजवर असतो, बारा आकडे-अक्षरं) आणि त्याला द्यायचा पत्ता लिहून सेव्ह करा. प्रिंटर बंद-चालू करा. आता तो किती वाजता उठतोय याला महत्त्व नाही, त्याची सीट राखीव.

मग प्रत्येक मशीनवर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, अ‍ॅड पोर्ट, 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट', तिथे हा पत्ता. प्रिंटर डिलीट करायची गरज नाही, ड्रायव्हर आहे तोच राहतो. लॅपटॉपसुद्धा डब्ल्यूएसडीवरून याच्यावर आणा.

एक बारकी खूण: त्याच खिडकीत 'कॉन्फिगर पोर्ट' दाबलं की खाली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी टिकमार्क असते. ती काढा. विंडोज त्या वाटेने प्रिंटरची ख्यालीखुशाली विचारतं आणि उत्तर आलं नाही तर प्रिंटर धडधाकट असूनही ऑफलाइन म्हणतं.


कल्याण_फास्ट | मंगळवार, ३:०५

इतका द्राविडी प्राणायाम कशाला? प्रिंटरच्याच मेनूत जाऊन 'मॅन्युअल आयपी' करा, पत्ता टाका, विषय संपला. राउटरला हात लावायचा नाही. आम्ही सगळीकडे असंच करतो.


लॅमिंग्टनवाला | मंगळवार, ३:२०

@कल्याण_फास्ट, चालतं, पण राउटरला ते माहीत नसतं. तो ज्या पट्ट्यातून पत्ते वाटतो त्यातलाच पत्ता तुम्ही प्रिंटरला दिलात तर एखाद्या दिवशी राउटर तोच पत्ता दुसऱ्याला देतो. मग दोघंही अर्धवट चालतात आणि शोधणाऱ्याच्या डोक्याला ताप. पट्ट्याच्या बाहेरचा पत्ता द्यायचा, म्हणजे राउटर १०० ते २०० वाटत असेल तर प्रिंटरला ५०. आणि पट्टा कोणता हे बघायला राउटरच्या पानावर जावं लागतंच ना?


कल्याण_फास्ट | मंगळवार, ३:२८

मुद्दा मान्य. पण तुमच्या पद्धतीतही भोक आहे. ब्रॉडबँडवाला राउटर बदलून गेला की रिझर्व्हेशन त्याच्याबरोबर गेलं. प्रिंटरमध्ये टाकलेला पत्ता प्रिंटरमध्येच राहतो.


बोरीबंदर | मंगळवार, ३:४४

राहतो, पण उपयोगाचा राहीलच असं नाही. अंधेरीला आमच्या ऑफिसात ब्रॉडबँड बदललं. जुना राउटर १९२.१६८.१ वाला, नवीन १९२.१६८.२९ वाला. प्रिंटर बिचारा १९२.१६८.१.५० धरून बसलेला. सगळी मशीन नव्या गल्लीत, हा जुन्या. इंटरनेट झकास, त्यामुळे ब्रॉडबँडवाला म्हणतो, "माझं काम झालं, प्रिंटर तुमचा तुम्ही बघा."

आता आम्ही मधे आमचा स्वतःचा राउटर टाकलाय. बाहेर कोणतीही कंपनी येवो, तिची वायर आमच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं इंटरनेट आत घ्यायच्या भोकात. आतले पत्ते, रिझर्व्हेशन, वायफायचं नाव, पासवर्ड, सगळं आमच्याकडे. त्यानंतर एकदा कनेक्शन बदललं, ऑफिसात कोणाला कळलंही नाही.


कल्याण_फास्ट | मंगळवार, ३:५०

हे पटलं.


माहीमचा_हलवा | मंगळवार, ४:१०

लहान ऑफिसला राउटर, रिझर्व्हेशन वगैरे जरा जास्तच होतं. यूएसबीने एका मशीनला जोडा, 'शेअर धिस प्रिंटर' करा, बाकीच्यांनी तिथून घ्यावा. आमच्या चार जणांच्या ऑफिसात वर्षानुवर्षं चालू आहे.


टोनर_संपला | मंगळवार, ४:२२

चार जणांत चालेल. पण ज्याच्या मशीनला प्रिंटर तो सुट्टीवर गेला, मशीन बंद करून गेला, पासवर्ड सांगून गेला नाही, की बाकीचे तीन जण पेन ड्राइव्ह घेऊन खालच्या झेरॉक्सवाल्याकडे.

शिवाय २०२१ च्या पावसाळ्यात विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम) 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं भगदाड उघडकीला आलं. बाहेरच्या माणसाला त्यातून मशीनचा ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टने ते बुजवताना शेअर प्रिंटरचे नियम आवळले. ऑगस्टपासून दुसऱ्या मशीनवरून ड्रायव्हर घ्यायला अ‍ॅडमिनचे हक्क लागायला लागले, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर तर कित्येक ठिकाणी शेअर प्रिंटर '०x०००००११बी' असा आकडा दाखवून बंद. लोक अपडेट काढून टाकून काम चालवत होते, म्हणजे भगदाड परत उघडं. प्रिंटरला नेटवर्कचं पोर्ट असताना या भानगडीत पडायचंच कशाला?


माहीमचा_हलवा | मंगळवार, ४:३०

आमचं अजून चालू आहे. नजर लावू नका. 😀


वकीलसाहेब_दादर | मंगळवार, ५:०५

धागा हायजॅक करतोय, क्षमस्व. माझ्याकडे कॅनन एलबीपी २९०० आहे, ऑफिसात एचपी १०२० सुद्धा. दोन्ही जुने, दोन्ही घोड्यासारखे पळतात. राउटरच्या मागे यूएसबीचं भोक आहे. त्यात प्रिंटर खुपसला तर नेटवर्कवर येईल का?


लॅमिंग्टनवाला | मंगळवार, ५:२०

बहुतेक नाही येणार, वकीलसाहेब. या दोन्ही प्रिंटरना स्वतःचं डोकं कमी. पान कसं काढायचं याचा हिशोब कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर करतो, प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. कॅननची स्वतःची 'कॅप्ट' भाषा आहे, ती राउटरला येत नाही. १०२० तर चालू केल्यावर दरवेळी कॉम्प्युटरकडून आपलं फर्मवेअर, म्हणजे स्वतःला चालवणारा प्रोग्राम, मागून घेतो. राउटर ते कुठून देणार? स्वस्त प्रिंट सर्व्हरचे डबे मिळतात त्यांचीही हीच अडचण. हे प्रिंटर एका मशीनला जोडून शेअर करण्याच्याच लायकीचे. इथे हलवासाहेबांची पद्धत बरोबर.


माहीमचा_हलवा | मंगळवार, ५:२२

🙏 नोंद घ्यावी.


वकीलसाहेब_दादर | मंगळवार, ५:३१

धन्यवाद. एक प्रश्न आणखी. दोघांची कार्ट्रिज दिसायला अगदी सारखी आहेत, कॅननची ३०३ आणि एचपीची १२ए. एकमेकांत बसतील?


टोनर_संपला | मंगळवार, ५:३६

बसतात. एचपीची ती लेझर इंजिनं कॅननच बनवते. रिफिलवाला दोघांत एकच पावडर भरतो, त्याला विचारा.


संपादक | मंगळवार, ५:४०

कार्ट्रिज-रिफिलसाठी वेगळा धागा काढावा. इथे मूळ प्रश्नावर राहू.


गणितज्ञ_गोरेगाव | मंगळवार, ७:१५

मूळ प्रश्नाच्या जवळचंच अवांतर. ज्या केबलबद्दल तुम्ही बोलताय ते एथरनेट प्रिंटरमुळेच जन्माला आलं. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या 'पार्क' (PARC) नावाच्या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लेझर प्रिंटर तयार केला. तिथेच 'आल्टो' नावाचे कॉम्प्युटर बनत होते, आणि त्या सगळ्यांना एकच महागडा प्रिंटर वापरता यावा म्हणून वेगवान जोडणी हवी होती. ते काम बॉब मेटकाफ यांच्याकडे आलं. त्यांनी मे १९७३ मध्ये लिहिलेल्या टिपणातून एथरनेट निघालं. त्यांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार २०२२ सालचा मिळाला तो याच कामासाठी.

म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी जगातल्या अतिशय हुशार माणसांपुढेसुद्धा फोर्टवालींचाच प्रश्न होता.


कांदेपोहे | मंगळवार, ७:१९

त्यांच्याकडे पाचशे रुपये घेणारा नव्हता, म्हणून स्वतः शोध लावावा लागला.


मंगलाताई | मंगळवार, रात्री ९:३०

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक वेगळाच ताप. प्रिंट दिली की कागदावर येतच नाही, 'फाइल सेव्ह करा' असं विचारतं. सेक्रेटरी म्हणतात व्हायरस आहे.


बोरीबंदर | मंगळवार, ९:४२

ताई, व्हायरस नाही. डीफॉल्ट प्रिंटर पीडीएफवर गेलाय. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रिंटर्सच्या पानावर 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' असतं. ते चालू असलं की शेवटी जो प्रिंटर वापरला तो डीफॉल्ट होतो. कोणीतरी एकदा पीडीएफ बनवली असेल, बस्स. ते बंद करा आणि आपल्या प्रिंटरवर 'सेट अ‍ॅज डीफॉल्ट' द्या.


मंगलाताई | मंगळवार, १०:०५

झालं! सेक्रेटरींना व्हायरसच होता असं सांगते, नाहीतर त्यांचा विश्वास बसायचा नाही.


चिंचपोकळीकर | बुधवार, सकाळी १०:१५

सगळे पत्त्याच्या मागे लागलेत ते बरोबरच आहे. पण मला वेगळा प्रश्न पडलाय. सोमवारच का? बाकी पाच दिवस पत्ता बदलत नाही, सोमवारीच बदलतो. फोर्टवाली, शनिवारी ऑफिस बंद करताना काय करता?


फोर्टवाली | बुधवार, ११:००

शनिवारी अर्धा दिवस असतो. शिपाईमामा जाताना मेन पाडून जातात. वायरिंग जुनं आहे, दीड दिवस कोणी नसतं, साहेबांचा नियमच आहे तो. बाकी दिवशी टॅलीचं मशीन रात्री बॅकअपला चालू ठेवतो म्हणून मेन बंद करत नाही.

अरे देवा. म्हणजे राउटरही बंद होतो.


चिंचपोकळीकर | बुधवार, ११:०६

तेच. साध्या राउटरांना वाटलेल्या पत्त्यांची यादी वीज गेल्यावर लक्षात राहीलच असं नसतं. सोमवारी मामा मेन चढवतात, राउटर कोऱ्या पाटीने उठतो. सगळ्यात आधी ऑफिसात कोण येतं, कोणाचा फोन आधी वायफाय पकडतो, प्रिंटरचं बटण कोण कधी दाबतं, त्यावर त्या आठवड्याचे पत्ते ठरतात. मंगळवार ते शनिवार राउटर चालूच, म्हणून पत्ता हलत नाही.

मामांना काही बोलू नका, जुन्या वायरिंगला मेन पाडणं शहाणपणाचंच आहे. रिझर्व्हेशन केलं की मेन रोज पाडलं तरी फरक पडणार नाही.


जुनी_पेन्शन | बुधवार, ११:२०

वा! तपास आवडला. खात्यात असतात तर चौकशी समितीवर घेतलं असतं.


कल्याण_फास्ट | बुधवार, ११:३५

मेनवरून आठवलं. राउटरला छोटा यूपीएस लावा, पण लेझर प्रिंटर चुकूनही कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावू नका. आतला फ्यूजर पावडर वितळवायला २०० अंशांच्या आसपास तापतो आणि तापताना एकदम करंट ओढतो. यूपीएस टॉं करतो आणि त्याच्यावरची मशीनही झोपतात. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटवर.


लॅमिंग्टनवाला | बुधवार, दुपारी १२:१०

बरोबर. आणि जमलं तर वायफाय सोडून केबल टाका. फोर्टातल्या त्या भिंतींतून सिग्नल जेमतेम जातो, त्यात बरेच ऑफिस प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झच पकडतात आणि त्या बँडवर तुमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या ऑफिसांची गर्दी. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते, तुम्हाला वीसही लागणार नाही.

फक्त लक्षात ठेवा, केबलचा मॅक अ‍ॅड्रेस वेगळा, वायफायचा वेगळा. केबल लावल्यावर रिझर्व्हेशन केबलच्या मॅकवर करा. केबल लावली की अनेक मॉडेलचं वायफाय आपोआप बंद होतं, तेव्हा जुन्या मॅकवर केलेलं रिझर्व्हेशन वाया.


फोर्टवाली | बुधवार, १२:२५

जागा पागडीची आहे. भिंतीला भोक पाडायचं म्हटलं तर मालक रजिस्टर पत्र पाठवतो.


लॅमिंग्टनवाला | बुधवार, १२:३१

भोक कशाला? दाराच्या चौकटीच्या कडेने, स्कर्टिंगवरून पीव्हीसीची केसिंग पट्टी, मागे दुहेरी चिकटपट्टी. पोटमाळ्याला लाकडी जिना असेल तर त्याच्या बाजूने वर नेता येईल. मालकाला दिसणारही नाही.


पावसाळी_बेडूक | बुधवार, ४:४५

नेटवर्क झालं की पुढचा अंक पेपर जॅमचा. मुंबईत जुलैमध्ये कागद ओला असतो. हाताला कळत नाही, प्रिंटरला कळतं. कडा लाटेसारख्या वळतात, दोन-दोन पानं एकत्र ओढली जातात, फ्यूजरमधून बाहेर येताना पान गुंडाळतं. रिम फोडली की अर्धी ट्रेमध्ये आणि अर्धी त्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात. शनिवारी ट्रे रिकामा करून कागद पिशवीत. आणि प्रिंटर खिडकीजवळ असेल तर आधी तो हलवा.

७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) स्वस्त कागद पावसाळ्यात जास्त त्रास देतो, चार महिने तरी ७५ चा घ्या.


कांदेपोहे | बुधवार, ४:५२

आमच्याकडे कागदच काय, माणसंही जुलैत कडेने वळलेली असतात.


फोर्टवाली | गुरुवार, संध्याकाळी ६:४०

अपडेट. काल संध्याकाळी केबल टाकली, केसिंग पट्टीतूनच, मालक जिन्यात भेटला पण वर बघितलं नाही. राउटरचं लॉगिन स्टिकरवर होतं. रिझर्व्हेशन केलं, केबलच्या मॅकवर. सातही मशीनवर नवीन टीसीपी/आयपी पोर्ट मी स्वतः टाकला, पोरांचे लॅपटॉपही त्याच्यावर आणले. एसएनएमपीची टिक काढली. मग मामांना मेन पाडायला सांगितलं, पाच मिनिटांनी चढवलं, सगळ्यांचे फोन आधी जोडले आणि शेवटी प्रिंटर चालू केला. सगळीकडून प्रिंट आली! 🙏

आता दोन नव्या तक्रारी. साहेबांच्या मशीनवरून प्रिंट दिली की प्रिंटर थांबतो आणि ट्रेमध्ये 'लेटर' घाला म्हणतो. आणि स्कॅन केलेलं थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये जात नाही, पेन ड्राइव्ह लावावा लागतो. ते तर कधीच गेलेलं नाही.


बोरीबंदर | गुरुवार, ६:५८

लेटर अमेरिकन माप आहे, साडेआठ बाय अकरा इंच. ए४ त्याहून थोडा अरुंद आणि लांब. साहेबांच्या मशीनवर ड्रायव्हरचा डीफॉल्ट लेटर राहिलाय. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' मध्ये ए४ करा. तरी तसंच झालं तर ती वर्डची फाइलच लेटरमध्ये बनवलेली असेल, पेज सेटअप बघा.


टोनर_संपला | गुरुवार, ७:२०

स्कॅनचं: जुने कॉपियर फोल्डरमध्ये स्कॅन टाकायला एसएमबी-१ नावाची जुनी बोली वापरतात. २०१७ च्या मे महिन्यात फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा 'वॉनाक्राय' व्हायरस त्याच वाटेने जगभर पसरला, आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती वाट बंदच असते. प्रिंटर दार ठोकतो, विंडोज उघडत नाही.

कोणी सांगेल, 'विंडोज फीचर्स' मधून एसएमबी-१ चालू करा. करू नका. तुमच्याकडे क्लायंटचे पॅन, आधार, सगळं आहे. आधी कंपनीच्या साइटवर प्रिंटरचं नवीन फर्मवेअर आहे का बघा, काही मॉडेलना त्यातून एसएमबी-२ मिळतं. नसेल तर स्कॅन-टू-ईमेल. जीमेल वापरणार असाल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, ती सोय मे २०२२ अखेर गेली. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा 'अ‍ॅप पासवर्ड' बनवा आणि तो प्रिंटरमध्ये टाका. साहेबांचं खातं देऊ नका, स्कॅनसाठी वेगळं उघडा.


कल्याण_फास्ट | गुरुवार, ७:३१

किंवा तिसरा मार्ग: स्कॅन कॉम्प्युटरवरूनच खेचा. कंपनीचं स्कॅनचं सॉफ्टवेअर किंवा विंडोजचं 'स्कॅन' अ‍ॅप. प्रिंटरपर्यंत उठून जावं लागतं तेवढंच.


फोर्टवाली | सोमवार, सकाळी १०:३५

मामांनी साडेनऊला मेन चढवलं. प्रिंटर ऑनलाइन आहे. साहेबांनी पहिली प्रिंट काढली, ए४ वर. स्कॅनसाठी वेगळं जीमेल केलंय, तेही चालतंय. पहिला स्कॅन स्पॅममध्ये गेला होता, तिथून काढला.

कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला होता, "मॅडम, येऊ का?"

@बोरीबंदर, तुमच्यासारखा मधला स्वतःचा राउटर टाकायचं साहेबांनी मंजूर केलंय. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात रविवारी गेलं तर चालेल का? आणि काय बघून घेऊ?


बोरीबंदर | सोमवार, १०:५०

रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी अर्ध्या दिवसानंतर जा, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. भारी काही नको. गिगाबिट पोर्ट आणि अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशनची सोय बॉक्सवर किंवा कंपनीच्या साइटवर खात्रीने बघून घ्या. पाहुण्यांचं वेगळं वायफाय देणार असाल तर आधीच सांगतो, त्याच्यावरून प्रिंटर दिसत नाही, ते मुद्दामच तसं असतं. आतले पत्ते १९२.१६८.५० असे काहीतरी वेगळे ठेवा, म्हणजे ब्रॉडबँडवाल्याच्या राउटरशी टक्कर होणार नाही. पत्ते बदलले की प्रिंटरचं रिझर्व्हेशन आणि मशीनवरचे पोर्ट पुन्हा एकदा करावे लागतील, ते शनिवारी ऑफिस सुटल्यावर करा. आणि नवीन राउटरचा पासवर्ड, प्रिंटरचा पत्ता आणि मॅक एका चिठ्ठीवर लिहून प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.


मालवणी_मसालो | सोमवार, १०:५४

नि नारळ?


फोर्टवाली | सोमवार, ११:०२

तो मामांनी सकाळीच फोडला. खोबरं पोटमाळ्यावर गेलं.